परत करायचं राहिलेलं पातेलं

माझ्या घरात एक पातेलं आहे, ते माझं नाही. जाड ॲल्युमिनियमचं, दहा-बारा लिटर सहज मावेल एवढं, एका कानाखाली पोचा आलेलं. बाहेरून काळपट आहे, पण आतून लखलखतं, कारण त्यात बहुतेक टोमॅटोच शिजलाय आणि आंबटाने ॲल्युमिनियम उजळतं. लहानपणी आई म्हणायची, शेजारचं भांडं रिकामं परत करू नये. घरात दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालावी. मी ते आयुष्यभर पाळलं. हे एकच भांडं परत गेलं नाही.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये मी कोल्हापूरहून जर्सी सिटीला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, म्हणजे नोकरी करायची परवानगी नव्हती. तो सकाळी पाथ ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा, तो संध्याकाळी सातला उगवायचा. पहिलं घर आम्हाला दोन महिन्यांत सोडावं लागलं. घरमालकाने वासाची तक्रार केली. जिन्यात मसाल्याचा वास येतो, कपड्यांना लागतो, असं त्याने नवऱ्याला दारात उभं करून ऐकवलं. तेव्हापासून मी फोडणी करायची सोडली. डाळीत नुसती हळद आणि मीठ. शिवाय जर्सी सिटीत जुन्या भारतीय बायका सांगायच्या, एकटी असलीस की टिकली लावू नकोस. १९८७ साली याच शहरात ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने आपल्या लोकांना मारहाण केली होती, ते कोणी विसरलं नव्हतं. तर मी टिकली काढली, फोडणी बंद केली आणि खिडकीशी बसून राहिले.

दुसरं घर हाइट्स भागात मिळालं. दोन मजली लाकडी घर, वर आम्ही, खाली मालकीणबाई. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काळ्या स्वेटरमधल्या, बुटक्या आणि रुंद. एके दुपारी मला राहवेना. दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि लसणाची फोडणी केली, चांगली सात-आठ पाकळ्यांची, लाल होईस्तोवर. पाचच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. दारावर थाप. माझ्या पोटात गोळा आला. आता तिसरं घर शोधायचं.

दार उघडलं तर म्हातारी उभी. तिने मान पुढे करून नाकाने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, “लसूण करपवतेस तू. करपला की कडू होतो. गॅस कमी कर.” आणि सरळ आत येऊन तिने माझा गॅस कमी केला.

तिचे वडील १९१२ साली नेपल्सच्या मागच्या डोंगरातून, अव्हेलिनोजवळच्या एका खेड्यातून एलिस आयलंडवर उतरले होते. १८८० ते १९२४ या काळात चाळीसेक लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब. १९२४ च्या कायद्याने ते दार जवळजवळ बंद झालं. वडील इथल्या रेल्वेयार्डात राबले. त्यांना इथे ‘लसूणखाऊ’ म्हणून चिडवायचे, ट्रॅममध्ये शेजारचे उठून दुसरीकडे बसायचे, हे त्या बाईने मला पहिल्याच दिवशी, माझ्या कढईकडे बघत सांगितलं. आणि म्हणाली, “या घरात वास येऊ दे. वास नसलेलं घर भाड्याने द्यायला मला आवडत नाही.”

तिला मी आधी ‘मॅडम’ म्हणायचे. तिच्या नातवंडांचं ऐकून महिन्याभरात ‘नोना’ म्हणायला लागले. नोना म्हणजे आजी. ती मला ‘फील्या मीआ’ म्हणायची, माझ्या लेकी.

तिच्याकडे रविवार म्हणजे ग्रेव्ही. आपण हॉटेलात म्हणतो ती ग्रेव्ही नव्हे. टोमॅटोचा तो लालभडक, मांसाच्या हाडांवर तीन-चार तास शिजलेला रस्सा. तिचा नवरा सिसिलीकडचा होता, तो त्याला ‘सॉस’ म्हणायचा आणि या एका शब्दावरून चाळीस वर्षं त्यांचं जमलं नाही, असं ती अगदी गंभीरपणे सांगायची. शब्दांची शेवटची अक्षरं ती गिळायची. रिकोटाला ‘रिगोट’, मोझरेलाला ‘मुत्सरेल’. आईबापांच्या दक्षिणेकडच्या बोलीतून ते आलं होतं. पुढे माझ्या मुलीच्या तोंडीही ‘रिगोट’च बसलं.

रविवार ऐकून मी चमकले होते. कोल्हापुरात रविवारी सकाळी वडील पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहायचे, नळी घाला, सीना घाला, खिमा वेगळा बांधा, असं सांगायचे. दुपारी एकला तांबडा रस्सा. आठवड्यातून एकदा सगळं घर एका पातेल्याभोवती. हे इथेही असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नोना म्हणाली, तिच्या वडलांच्या गावात मांस वर्षातून तीनदा दिसायचं. नाताळ, ईस्टर आणि गावच्या देवाची जत्रा. तिकडे मांसाचे गोळे करायचे ते बारके, पाव जास्त आणि मांस कमी. इथे आल्यावर दर आठवड्याला मांस परवडायला लागलं, तसे गोळे मोठे झाले. मांस प्रत्येक रविवारी दिसतंय, हे त्या माणसांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असायचं, म्हणून पातेलंही मोठं. आज अमेरिकेत जे ‘इटालियन’ म्हणून ओळखलं जातं, ते स्पॅगेटीवर बसवलेले भले मोठे मीटबॉल, इटलीत त्या रूपात सहसा मिळत नाहीत. आणि नोनाच्या टेबलावरही ते तसे कधी आले नाहीत. आधी रस्सा घातलेली रिगाटोनी, मग वेगळ्या वाडग्यात मांस, हाच तिचा क्रम होता.

पहिल्या रविवारी तिने मला खाली बोलावलं तेव्हा मी चाचरत सांगितलं, आम्ही बीफ खात नाही. डुक्करही माझ्या घरात कधी शिजलं नव्हतं. तिच्या मिश्रणात बीफ, डुक्कर आणि वासराचं मांस, तिन्ही होतं. चार पिढ्यांची कृती. तिला वाईट वाटेल, निदान कारण तरी विचारेल, असं मला वाटलं. तिने काहीच विचारलं नाही. पुढच्या रविवारी गेले तर ओट्यावर मेंढीच्या खांद्याचा खिमा होता आणि शेजारी मानेची हाडं. म्हणाली, “बीफ आम्हाला अमेरिकेने दिलं. माझी आजी डोंगरात मेंढरं राखायची. तिने हे केलं असतं, तर मेंढीचंच केलं असतं.”

तेव्हापासून मी त्या घरात होते तोवर प्रत्येक रविवारी तिच्या शेगडीवर दोन पातेली असायची. एक तिच्या मुलांचं, एक माझं. पंचाहत्तरीच्या बाईने दर आठवड्याला, न सांगता, दुप्पट काम अंगावर घेतलं होतं. मला त्या वेळी ते कळलंही नाही. पंचविशीत आपल्याला वाटतं, लोक करतात.

स्वयंपाक तळघरात चालायचा. वरचं स्वयंपाकघर चकचकीत, त्यात कॉफीपलीकडे काही होत नसे. खरं घर खाली, एक जुनी शेगडी, दगडी हौदासारखं सिंक आणि फळीवर टोमॅटोच्या बाटल्या. (पुढे न्यू जर्सीतल्याच एडिसनला राहायला आल्यावर आपल्या लोकांच्या किती तरी घरांत मासे तळायची शेगडी गॅरेजात बघितली, तेव्हा मला ते तळघर आठवलं.) ऑगस्टमध्ये न्यू जर्सीचे टोमॅटो आले की ती शंभरेक बाटल्या भरायची. बाटल्या संपल्या की डब्यातले सान मार्झानो, व्हेसुव्हियसच्या पायथ्याजवळच्या सार्नो खोऱ्यातले. लांबट, गर जास्त, बिया कमी. पण टोमॅटो गाळायचं तिचं चक्र मोडकं होतं, दांडा निसटायचा. मी वर जाऊन माझं पुरणयंत्र आणलं. आईने सामानात कोंबून दिलेलं, पितळी. नोनाने ते उलटंसुलटं करून पाहिलं, टोमॅटो घातले, दांडा फिरवला. सालं आणि बिया वर राहिल्या, खाली मऊ लाल धार. तिने यंत्रावर हात फिरवला. “हे तुम्ही कशासाठी वापरता?” मी पुरणपोळी समजावून सांगितली. डाळ, गूळ, गोड. तिने जेवढं ऐकलं तेवढ्यावर मान हलवली आणि यंत्र खालीच राहिलं.

आता तिची गोळ्यांची कृती. खिमा दोन पौंड, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम. शिळ्या पावाचे चार जाड तुकडे, कड काढून, पाण्यात भिजवून, घट्ट पिळून. लोक दूध वापरतात, तिच्या घरी पाणीच. दोन अंडी. मूठभर पार्सली, चिरून. लसणाच्या तीन पाकळ्या, किसून. पेकोरिनो चीज कपभर, मेंढीच्याच दुधाचं, खारट, म्हणून मीठ जपून. मिरपूड. एवढंच.

मी पहिल्यांदा हात घातला तो खिमा मळायला. आपल्याकडे कबाबाचा खिमा मळून मळून चिकट करतात, तो सळईला धरायला हवा असतो. नोनाने माझं मनगट धरलं. “असं नाही.” बोटं पसरून, खालून वर उचलत, पावाचे पांढरे ठिपके दिसेनासे झाले की थांबायचं. जास्त मळलं की मांसातला चिकटपणा सुटतो आणि गोळा रबरासारखा होतो. भिजलेला पाव मध्ये बसला की तो मांसाला आवळू देत नाही आणि पाणीही धरून ठेवतो. हे कारण मी नंतर वाचलं. तिने सांगितलं ते एवढंच, “पाव पैसे वाचवायला घालायचे. मग कळलं, पाव नसला की गोळा दगड होतो.”

गोळा तिच्या तळव्यात मावेल एवढा. ऑलिव्ह तेलात सगळीकडून तांबूस, आत कच्चा राहिला तरी चालेल. बाहेर काढायचे. त्याच पातेल्यात मानेची हाडं लालसर करायची. मग कांदा, लसूण, आणि टोमॅटोची घट्ट पेस्ट. ही पेस्ट तेल सुटेपर्यंत परतायची, लाल रंगाचा विटकरी होईपर्यंत. इथे मला घर आठवायचं. आपण वाटण परततो, कडेने तेल सुटायची वाट बघतो, अगदी तेच. मग गाळलेला टोमॅटो, तळाला चिकटलेलं सगळं लाकडी डावाने खरवडून घ्यायचं, तुळशीच्या जातीतली बेसिलची पानं टाकायची आणि आच बारीक करायची.

ही आच तिने मला कानाने शिकवली. आपला रस्सा रटरटतो. भात खदखदतो. ग्रेव्हीने यातलं काही करायचं नसतं. एक बुडबुडा वर येतो, फुटतो, पातेलं थोडं थांबतं, मग दुसरीकडे एक. ‘पिप्पिआरे’ असा नेपल्सकडे शब्दच आहे त्याला. नोना शेगडीकडे पाठ करून घेवडा निवडत बसायची आणि मध्येच म्हणायची, “फार बोलतंय.” म्हणजे गॅस कमी कर. दोन तास हाडं, मग गोळे आत, पुढे तास-दीड तास. हाडांतला चिकटपणा हळूहळू रश्श्यात उतरतो, टोमॅटोचा आंबटपणा बसतो, कडेला नारिंगी तेल उभं राहतं. झाकण पूर्ण लावायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी तळ खरवडायचा, नाही तर करपलेला एक घास सगळं बिघडवतो.

फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, “मसाला काय?” मसाला नाही, म्हटलं. “खोबरं? तीळ?” नाही. “मग चव कशाची?” तीन-चार तास मंद आचेवर असतं, असं मी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, “एवढा गॅस?” मिनिटाला पैसे मोजायचे फोन होते ते, तरी आम्ही खिम्यावर वीस मिनिटं बोललो.

७ जानेवारी १९९६ ला, रविवारीच, मोठं वादळ आलं. नेवार्क विमानतळावर २७ इंचांहून जास्त बर्फ पडला. रस्ते बंद. नोनाची मुलं, सुना, नातवंडं कोणी येऊ शकलं नाही, आणि तिने पहाटेच दोन्ही पातेली चढवलेली. मला सातवा महिना होता. आम्ही तिघं तळघरात बसलो, बारा माणसांच्या टेबलाच्या एका टोकाला. माझी मोठी ताटली रिकामी झाल्यावर तिने पाव तोडून माझ्या हातात दिला आणि ताटली पुसायला लावली. त्याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात, छोटा बूट. बाहेरचा आवाज बंद झाला होता, खिडकी अर्धी बर्फाखाली, आणि आत दोन पातेली आळीपाळीने बुडबुडत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली, “तुझी आई येणार ना?”

आई येणार नव्हती. फेब्रुवारीत मुंबईत तिचा व्हिसा नाकारला गेला. तिने डिंकाच्या लाडवांचं सामान आणून ठेवलं होतं, बाळंतविडा शिवून ठेवला होता. फोनवर ती रडली नाही, मी रडले.

मुलगी मार्चमध्ये झाली. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसापासून चाळीस दिवस नोना रोज दोन वेळा जिना चढली. गुडघे दुखायचे, कठड्याला धरून एकेक पायरी. सकाळी पास्तिना, म्हणजे चांदणीच्या आकाराचा बारका पास्ता कोंबडीच्या सुपात शिजवून, वर अंडं फोडून, चीज घालून. दुपारी मऊ शिजलेला एक मीटबॉल, फोडून, पातळ रश्श्यात. बाळंतिणीला तिखट द्यायचं नसतं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. बाळाला ती मांडीवर घ्यायची तशीच, टाळूवर हात ठेवून, पाय लांब करून, जसं माझ्या आईने घेतलं असतं. तेल लावायला मी घाबरत होते तर तिने ऑलिव्ह तेल कोमट करून आणलं. एकदा मी तिला विचारलं, हे सगळं का करतेस? तिने प्रश्नच कळला नाही असं बघितलं आणि म्हणाली, “तुझी आई इथे असती तर मला बसायला मिळालं असतं.”

माझ्या बाजूने मी भांडी परत करत राहिले, कधी रिकामी नाही. चकली, बेसनाचे लाडू, लिंबाचं गोड लोणचं, संक्रांतीला तिळगूळ. लोणचं तिला फार आवडलं, ती ते पावावर पसरून खायची. तांबडा रस्सा दिला तेव्हा डोळ्यांतून पाणी काढत तिने वाटी संपवली आणि दुसरी घेतली नाही. पण मी जे दिलं ते वाटीभर, डबाभर. त्याचं वजन करायला बसले की आजही मला लाज वाटते.

२००२ मध्ये आम्ही एडिसनला घर घेतलं. सामान गाडीत भरताना तिने ते मोठं पातेलं आणून दिलं, आत ग्रेव्ही, तीसेक गोळे, झाकणावर दोरी बांधलेली. नव्या घरात पहिल्या दिवशी कोणी स्वयंपाक करत नाही, म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत आणते. पुढच्या रविवारी रंगाऱ्यांची गडबड होती. मग मुलीची शाळा. आम्ही जायचो, दर दोन महिन्यांनी जायचो, पण दर वेळी पातेलं राहायचं, कारण त्यात घालायचं ते मला पुरेसं वाटायचं नाही. एवढ्या मोठ्या पातेल्यात चकली कशी द्यायची? एकदा मटण करून ते भरून न्यायचं मनात ठरवलं होतं, दिवसही ठरला होता. २००४ च्या ऑक्टोबरात तिच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेली.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. टिकली लावून गेले होते, ती मोठी, लाल. तिला ती आवडायची.

आता रविवारी सकाळी ते पातेलं खाली काढते. मेंढीचा खिमा ओक ट्री रोडच्या पलीकडच्या हलाल दुकानातून आणते, कधी बोकडाचा. गोळे वळताना मुलगी शेजारी असली तर मी तिच्या मनगटाला हात लावते, जास्त मळू नकोस. पहिला तळलेला गोळा रश्श्यात जायच्या आधी ती उभ्या उभ्या खाते, तीन वर्षांची असताना तळघरात खायची तसाच. आईने कोल्हापुरात एकदा हे करून पाहिलं. तिला राहवलं नाही, तिने थोडा कांदा-लसूण मसाला घातलाच, आणि छान झालं म्हणाली.

अंत्यविधीनंतर महिन्याभराने मी नोनाच्या मुलाला फोन केला. म्हटलं, तुमच्या आईचं पातेलं माझ्याकडे आहे, घेऊन येते. तो म्हणाला, “राहू दे तुझ्याकडे. तुझं ते पितळेचं यंत्रही आमच्याकडेच आहे. ते मी देणार नाही.”

मागच्या ऑगस्टमध्ये त्याचा पुन्हा फोन आला. तोही आता सत्तरीला टेकलाय. टोमॅटो घेऊन बसला होता, दांडा फिरेना, खालची जाळी अडकली होती. मागून नातवंडांचा कालवा ऐकू येत होता. मी त्याला सांगितलं, आधी गरम पाण्यात बुडव, मग मधला खिळा उलट्या हाताने सोडव, जोर लावू नकोस. तो फोन ओट्यावर ठेवून गेला. मी धरून होते. जरा वेळाने पितळ घासल्याचा आवाज आला, आणि मग ती ओळखीची कुरकुर सुरू झाली.